उघडून दाखवला एक, पिशवीत आला दुसरा

आमची मंडप-डेकोरेशनची जुनी पिकअप आहे. धंद्याची गाडी आठ वर्षांवर गेली की फिटनेस तपासणी दरवर्षी, त्यामुळे पुढच्या चाकांची आणि ब्रेकची कामं मी भांडुपला घराखालीच, रविवारी, स्वतः करतो. या वेळी डाव्या चाकात प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला होता. जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं की खालचा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) टकटक वाजायचा. ब्रेक पॅडही संपत आले होते.

यादी घेऊन कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो. तिथे चोख माल देणारी दुकानं आहेत, वर्षानुवर्षं घेतोय. पण नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात शिरलो.

मी काम स्वतः करतो, हे त्या माणसाने बोलता बोलता काढून घेतलं. "दादा, तुम्ही स्वतः हात घालता, तुम्हाला माल ओळखायला काय शिकवायचं!" असं म्हणत त्याने कंपनीचा खोका समोर फोडला आणि बॉल जॉइंट हातात ठेवला. वजनदार, पिन घट्ट, रबर जाड, खोक्यावर होलोग्राम. मी दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला, जाणकारासारखी मान हलवली. माझ्या त्या मान हलवण्याचीच तो वाट बघत होता, हे आता कळतंय.

"पॅक करून आणतो" म्हणत पोऱ्या सगळं आत घेऊन गेला आणि टेप लावलेली काळी पिशवी घेऊन आला. बिल मागितलं, तर "पक्कं हवं तर वर 28 टक्के जीएसटी पडेल." 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के आहे, हे मला ठाऊक होतं. तरी आठशे रुपये वाचतायत म्हणून चिठ्ठीवर भागवलं. क्यूआर स्कॅन केला, 4,600 रुपये गेले.

रविवारी गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवली, जुना जॉइंट ठोकून काढला, नवा बसवला. नट आवळत गेलो तर जॉइंटची पिन वरच येत राहिली. नट बसला तेव्हा स्प्लिट पिनचं (नट सैल होऊ नये म्हणून घालायच्या तारेचं) भोक नटाच्या खाचांच्याही वर. म्हणजे पिनचा निमुळता भाग बारीक, नकलमध्ये (चाक धरणाऱ्या लोखंडी भागात) बसतच नाही. गाडी खड्ड्यात आपटली की हलणार. पुन्हा काढून ब्लेडने खरवडला. काळ्या रंगाखाली गंजाचे खड्डे! जुनाच जॉइंट घासून, रंगवून, नवं रबर चढवलेला.

मग पॅडवर शंका आली. माझ्या झिजलेल्या पॅडच्या पत्र्यावर नंबर ठोकलेले होते. नव्यावर नुसती छपाई, अंगठ्याने पुसली जाणारी. कडेला पेचकस टेकवून जरा जोर दिला, तर लायनिंग पत्र्यापासून पापुद्र्यासारखं सुटलं. बटाटेवड्याचं कव्हर सुटतं तसं. सोबत घेतलेल्या ब्रेक ऑइलच्या बाटलीचं आतलं सील गायब. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट 3 दर्जाचं ताजं ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की त्याच्या खूप आधी उकळतं आणि उतारावर पेडल सरळ खाली जातं. मागे लोखंडी पाइप भरलेले असताना. गाडी रस्त्यावर गेलीच नव्हती, एवढंच नशीब.

आता फोडून दाखवलेला भाग माझ्या हातातून माझ्याच पिशवीत जातो, आत कुणी नेत नाही. जुना भागही सोबत नेतो. काउंटरवर शेजारी ठेवून पिनची जाडी आणि ठोकलेले नंबर ताडून बघतो. दुकानदार कंटाळतात. कंटाळू देत.

सोमवारी पिशवी घेऊन गेलो. "हा माल आमचा नाहीच." चिठ्ठीवर दुकानाचं नाव नव्हतं, ते मी तेव्हा पाहिलं. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन लावला. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, बिल आहे का? नाही म्हटल्यावर दुसरा, पैसे कोणत्या नावावर गेलेत? मोबाइल काढून बघितलं. दुकानाचं नाव नव्हतंच, कुणा भलत्याच माणसाचं होतं, आणि त्याखाली मीच लिहिलेलं होतं: "घरखर्च". तेही त्यानेच लिहायला सांगितलं होतं.