रे मिस्टेरिओची कारकीर्द, गाळलेल्या पानांसह : ‘डब्ल्यूडब्ल्यूई २के२२’मधील ‘शोकेस’

‘डब्ल्यूडब्ल्यूई’ या अमेरिकी व्यावसायिक कुस्ती कंपनीवर बेतलेल्या, मार्च २०२२मध्ये आलेल्या ‘डब्ल्यूडब्ल्यूई २के२२’ या व्हिडिओ गेममध्ये खेळण्याचे अनेक प्रकार असले, तरी हे परीक्षण त्यातील ‘शोकेस’ या एकाच विभागापुरते आहे. कारण या विभागात रे मिस्टेरिओ हा मुखवटाधारी मल्ल स्वतःच्या आवाजात आपली कारकीर्द सांगतो आणि त्याच्या निवडक लढती आपण खेळत जातो.

लढत चालू असताना पडद्यावर एकेक उद्दिष्ट येते. सांगितलेला डाव बरोबर पडला की खेळातील आकृत्या मागे सरून मूळ लढतीचे चित्रण सुरू होते, आणि ते संपताच सूत्रे पुन्हा आपल्या हाती येतात. हा सांधा बहुतेक ठिकाणी बेमालूम जमला आहे. सर्वांत सरस उतरली आहे ती ऑक्टोबर १९९७मधील लास व्हेगासची ‘हॅलोविन हॅवॉक’ या कुस्तीच्या कार्यक्रमातील लढत, ज्यात एडी गरेरो या मल्लाचा क्रूझरवेट (हलक्या वजनगटाचा) किताब आणि रेचा मुखवटा असे दोन्ही पणाला लागले होते. अमेरिकेच्या सीमेपलीकडे मेक्सिकोतील तिहुआनात काकांच्या हाताखाली शिकून चौदाव्या वर्षीच आखाड्यात उतरलेल्या या मल्लासाठी मुखवटा गमावणे म्हणजे काय, हे मुखवट्यालाच मल्लाची ओळख मानणाऱ्या मेक्सिकोच्या ‘लुचा लिब्रे’ या कुस्तीची परंपरा जाणणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

रेची उंची जेमतेम साडेपाच फूट. उंची-वजनाच्या आकड्यांवर ट्रम्प कार्ड खेळत वाढलेल्या आपल्याकडच्या पिढीला त्याचा पत्ता हाती आला की हायसे वाटत नसे! खेळात मात्र त्याची चपळाई हीच खरी गंमत आहे. प्रतिस्पर्ध्याला मधल्या दोरावर झुकवून, दोरांमधून अंग झोकत त्याच्या तोंडावर दोन्ही पायांनी प्रहार करण्याचा ‘६१९’ हा डाव (हा आकडा सॅन डिएगो परिसराच्या दूरध्वनीचा संकेतांक आहे) बटणांवर नेमक्या वेगाने उतरला आहे.

निवडीबाबत मात्र तक्रार आहे, आणि ती किरकोळ नाही. नोव्हेंबर २००५मध्ये रेचा जिवलग मित्र एडी याचे निधन झाले. त्यानंतरच्या जानेवारीत रेने दुसऱ्या क्रमांकाने उतरून, तासाहून अधिक काळ टिकून ‘रॉयल रंबल’ (एकेक करून तीस मल्ल उतरतात ती लढत) जिंकली आणि २ एप्रिल २००६ रोजी शिकागोजवळच्या ‘रेसलमेनिया’ या वार्षिक महासोहळ्यात कर्ट अँगल व रँडी ऑर्टन यांच्यावर मात करून जागतिक अजिंक्यपद मिळवले. कारकिर्दीचा हा कळसच येथे खेळायला मिळत नाही, कारण अँगल या गेमच्या मल्लांमध्येच नाही. ख्रिस जेरिको आणि सीएम पंक हे त्याचे मोठे प्रतिस्पर्धीही गैरहजर आहेत. फेब्रुवारी १९९९मध्ये ‘डब्ल्यूसीडब्ल्यू’ या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी कंपनीत रेला मुखवटा उतरवावा लागला, ती लढतही वगळली आहे, वास्तविक १९९७च्या लढतीतील पैजेला खरे वजन येते ते पुढे घडलेल्या या प्रसंगामुळेच. नायकच निवेदक असल्याने एडीविषयीच्या आठवणींना ओलावा आहे, परंतु गाळलेल्या प्रसंगांची उणीव त्याने भरून निघत नाही.

तरीही १९९७ची ती एक लढत आणि दोरांवरून उडण्याचा आनंद यांसाठी रेच्या चाहत्याने हा विभाग अवश्य खेळावा. या मालिकेच्या पुढील आवृत्त्यांतील ‘शोकेस’चे विषय निराळे आहेत, त्यामुळे त्यासाठी हीच आवृत्ती मिळवावी लागेल, रेच्या जीवनाचा समग्र आलेख हवा असणाऱ्याने मात्र केवळ या गेमवर विसंबू नये.