थुले अर्बन ग्लाइड 2 जॉगिंग स्ट्रोलर, आठ महिने धावल्यावर

हा स्ट्रोलर, म्हणजे बाळाला बसवून ढकलत धावता येईल अशी तीनचाकी बाबागाडी, लेक पाच महिन्यांची असताना घेतला, पण तिला घेऊन धावायला लागले ते आठवा महिना सरल्यावरच. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की नुसती मान धरली म्हणजे झालं असं नाही, पाठीत जोर यायला हवा, आधाराशिवाय नीट बसायला हवी, तोवर फक्त चाला. आणि वर कार सीट अडकवून तर धावायचंच नाही.

आधी एक स्वस्तातला तीनचाकी आणला होता, दिसायला सेम, पण प्लॅस्टिकची चाकं आणि पुढचं चाक सरळ रेषेत लॉकच व्हायचं नाही. तीन चाकं असली म्हणून काही त्याला घेऊन धावता येत नाही. थुलेची मागची चाकं 16 इंची, हवेची, मागे सस्पेन्शन. आम्ही न्यू जर्सीत राहतो, प्रिन्स्टनजवळ डी अँड आर (डेलावेअर अँड रॅरिटन) कॅनॉलच्या कडेने बारीक खडीची वाट आहे, तिथे लेक दहा मिनिटांत गाढ झोपते.

पुढचं चाक दुकानात वगैरे मोकळं ठेवा, धावताना मात्र लॉक. एकदा माझं राहिलं, जरा वेग घेतला तर चाक थडथडायला लागलं, हँडल हातात थरथरत होतं, तशीच थांबले. मोकळं चाक खड्ड्यात आडवं झालं तर स्ट्रोलर उलटू शकतो हो! आता निघायच्या आधी चाक हाताने हलवून बघते.

हँडलला जोडलेला मनगटाचा पट्टा कधीच सोडू नका. लेस बांधायला वाकले, ब्रेक लावला नव्हता, उतार जेमतेम, आणि मनगटाला हिसका बसला. पोटात गोळाच आला. तेव्हापासून थांबलं की आधी पायाचा ब्रेक, हँडलवरचा पिळायचा ब्रेक फक्त उतारावर वेग आवरायला.

आई सांगलीहून आली होती, ऊन लागतं म्हणून वरून दुपटं टाकायची. म्हटलं, "आई, आत हात घालून बघ गं, किती गरम झालंय." तिने हात घातला आणि लगेच दुपटं काढलं. याचं छप्पर बऱ्यापैकी खाली येतं, तेवढं पुरतं.

महाग आहे, वजन साडेअकरा किलोच्या आसपास, आमच्या छोट्या गाडीच्या डिकीत मागची चाकं काढल्याशिवाय मावत नाही, आणि हवा भरायला पंप लागतोच. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि लिफ्ट नसेल तर घेऊ नका. खाली ठेवायला जागा असेल आणि खरंच नेमाने धावणार असाल तर बिनधास्त घ्या.