शीटमध्ये ४६.३० डॉलर, हातात ५: सर्व्हेच्या कमाईतली फसवणूक

आधी आकडे. पैसे देणाऱ्या एका ऑनलाइन साइटवर ६३ सर्व्हे पूर्ण केले, ४,६३० पॉइंट्स साठले. १०० पॉइंट्सना १ डॉलर या दराने ४६.३० डॉलर झाले. त्यातले हातात आले ५.००. उरलेले ४१.३० सोडवायला आधी १२.०० डॉलर 'ओळख पडताळणी शुल्क' भरलं, मग १८.६० डॉलर 'कर' भरला. ३०.६० गेले, ५.०० आले, म्हणजे पदरचे २५.६० डॉलर बुडाले आणि ११ आठवड्यांतले २० तास ४८ मिनिटं पाण्यात गेली. 'कर' भरल्याच्या दुसऱ्या दिवशी खातं बंद.

काम मिळवण्यासाठी पैसे भरायचे नसतात हे ठाऊक होतं. पण इथे काम मिळवायला कुणी काही मागितलंच नव्हतं. काम होऊन गेलं होतं, पहिले ५ डॉलर वेळेवर आले होते, आणि मागणी आली ती स्वतःच्याच साठलेल्या पैशांवर. शिवाय रोजची नोंद स्प्रेडशीटमध्ये होती. नोंद ठेवणाऱ्याला कोण फसवणार, हा भरवसा नडला. शीट भलत्याच गोष्टीचा हिशेब ठेवत होती.

नवशिक्यांची शीट बहुतेक अशीच असते: तारीख, साइट, पॉइंट्स, रक्कम असे चार रकाने आणि वरच्या सेलमध्ये ठळक एकूण. 'रक्कम' हा एकच रकाना, तिथेच घात होतो. साइटच्या स्क्रीनवर दिसतो तो आकडा म्हणजे तिने दिलेला शब्द, पैसा नव्हे. शीटमध्ये तीन रकमा वेगळ्या हव्यात: दाखवलेली, मागणी केलेली, जमा झालेली. तिसरी रक्कम फक्त आपल्या बँकेच्या किंवा वॉलेटच्या नोंदीवरून भरायची. साइटवर 'पेड' लिहिलेलं असलं तरी नाही. आणि वरचं मोठं एकूण या तिसऱ्या रकान्याचंच ठेवायचं. ४६.३० च्या जागी तिथे ५.०० दिसत राहिले असते, तर १२ डॉलर भरायला हात धजावला नसता.

आता जिथे लक्षात यायलाच हवं होतं ती जागा. तिसऱ्या आठवड्यात पैसे काढायची किमान मर्यादा ५ डॉलरवरून २५ झाली. शीटमध्ये मर्यादेचा सेल होता. त्यात ५ खोडून २५ टाकले, आपल्याच हाताने, आणि पुढचा सर्व्हे उघडला. जुना आकडा पुसला तसा पुरावाही पुसला. अटी कधीही खोडून लिहू नका. दरांच्या वेगळ्या शीटवर साइटचं नाव, पॉइंट्सचा दर, किमान मर्यादा आणि लागू झाल्याची तारीख असे रकाने करा, बदल झाला की खाली नवी ओळ लिहा. एकाच साइटच्या नावावर दोन ओळी दिसल्या की काम थांबवायचं आणि असेल तेवढं काढून घ्यायचं.

त्याहून ठसठशीत खूण पाचव्या आठवड्यात होती, आणि तीच सगळ्यात जास्त जिव्हारी लागते. खऱ्या सर्व्हेत स्क्रीनआउट होतातच. ग्राहक कंपनीला ठरावीक वयाचे, ठरावीक वस्तू वापरणारे लोक हवे असतात. सुरुवातीच्या प्रश्नांत तुम्ही त्यात बसला नाहीत किंवा तुमच्या गटाचा कोटा भरला असला की बाहेर काढतात. पहिल्या चार आठवड्यांत असे ४८ स्क्रीनआउट झाले. पाचव्या आठवड्यापासून अकराव्यापर्यंत एकही नाही. प्रत्येक सर्व्हेत निवड होत होती, पॉइंट्स वाढत होते. याचा अर्थ एकच होता: त्या प्रश्नांच्या मागे कुणी ग्राहकच उरला नव्हता. उत्तरं कुणालाच नको होती, फक्त शिल्लक फुगवायची होती, म्हणजे पुढे शुल्क मागितल्यावर ते लहान वाटावं. ४१.३० च्या शेजारी १२ खरोखरच लहान वाटले. स्थितीचा रकाना असता तर ४८ नंतरचं ते शून्य ठळक दिसलं असतं. स्क्रीनआउटची मिनिटं एका कोपऱ्यात लिहिलेली होती, ती लिहायचीही पाचव्या आठवड्यापासून बंद झाली, कारण लिहायला काही नव्हतंच. तेव्हा त्याचं समाधान वाटलं होतं.

म्हणून स्थितीचा रकाना हवाच: पूर्ण, स्क्रीनआउट, कोटा भरला, प्रलंबित, रद्द. हे शब्द हाताने टाइप करू नका, डेटा व्हॅलिडेशनमधून (ठरलेलेच शब्द स्वीकारणारी शीटची सोय) ड्रॉपडाउन, म्हणजे निवडीची यादी, लावा. एका ओळीत 'पूर्ण' आणि दुसरीत 'पुर्ण' लिहिलं तर सम-इफ्स (SUMIFS, अटीनुसार बेरीज करणारं सूत्र) दुसरी ओळ मोजतच नाही, आणि चूक झाल्याचं सांगतही नाही. 'रद्द' वेगळं ठेवा. दिलेले पॉइंट्स नंतर काढून घेणं चांगल्या पॅनेलवरही (सर्व्हे घेणाऱ्या साइटवर) घडतं, कारण घाईत दिलेली किंवा सगळीकडे एकच पर्याय निवडलेली उत्तरं ग्राहक नाकारतो. पण हे प्रमाण एका साइटवर एकदम वाढलं तर ती पैसे द्यायचं टाळते आहे, असं समजून निघा.

वेळ मिनिटांतच लिहा, साधा आकडा. वेळेच्या फॉरमॅटमध्ये ०:१५ लिहिलं की शीट ते दिवसाचा अंश म्हणून साठवते आणि ताशी दराचं गणित कोलमडतं. दोन रकाने ठेवा, साइटने सांगितलेली मिनिटं आणि खरी लागलेली. ताशी दर म्हणजे रक्कम भागिले मिनिटं गुणिले ६०, आणि मिनिटांत स्क्रीनआउटचीही धरायची. इथे पूर्ण सर्व्हेंची ९८७ मिनिटं होती, त्यांवर दर २.८१ डॉलर दिसत होता. स्क्रीनआउटची २६१ धरली की २.२३. जमा झालेल्या ५ डॉलरवर काढला तर तासाला २४ सेंट. भरलेलं शुल्क वजा केलं तर तासाला उणे १.२३. चारही आकडे त्याच ओळींतून निघतात.

आणखी एक खोट तक्रारीच्या वेळी उघडी पडली. तारखेच्या रकान्यात टुडेचं (TODAY) सूत्र होतं. ते सूत्र फाइल उघडेल त्या दिवसाची तारीख दाखवतं, त्यामुळे ६३ ओळींवर एकच तारीख उमटली, तक्रार नोंदवायला गेलो त्या दिवसाची. समोरच्या माणसाने कागद परत सरकवला. कंट्रोल आणि अर्धविराम ही कळ दाबली की त्या दिवसाची न बदलणारी तारीख पडते, तीच वापरा. गूगल शीट्समध्ये व्हर्जन हिस्टरीतून (फाइलच्या जुन्या प्रतींतून) जुन्या नोंदी सापडल्या, पण दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

साइटवरून '९० पॉइंट्स' असं सरळ उचलून चिकटवू नका. सेलमध्ये शब्द आला की तो मजकूर ठरतो आणि सम (SUM, बेरजेचं सूत्र) त्याला गुपचूप वगळतं. आकडा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला दिसला तर शंका घ्या. पॉइंट्सचा दर प्रत्येक ओळीत आकडा म्हणून लिहा. सगळ्या ओळी एकाच सेलवर बांधल्या तर साइटने दर बदलताच तुमची जुनी कमाईही बदलते.

शुल्काबद्दल. पडताळणीसाठी खरं पॅनेल कागद मागेल, फोनवर कोड पाठवेल. पैसे मागणार नाही. कर कापायचाच असेल तर देण्याच्या रकमेतून कापतात, आधी भरून घेत नाहीत. 'परत मिळेल' असं लिहिलेलं शुल्क परत मिळत नाही. ओळखपत्राचा फोटो दिला असेल तर त्या साइटवर दिलेल्या ईमेलचा पासवर्ड लगेच बदला आणि तोच पासवर्ड आणखी कुठे असेल तर तिथलाही.

आता तक्रारीचं. बँकेत गेलो तर उत्तर मिळालं: व्यवहाराला मंजुरी तुम्हीच दिलीत, तो अनधिकृत नाही. कार्डवरचा वाद (कार्डने भरलेले पैसे परत मागणारी तक्रार) नोंदवायचा अर्ज मागितला तर आधी पोलिसांची पोच आणा. पोलिसांकडे गेलो तर आधी बँकेचं पत्र आणा. चार खेटे घातल्यावर अर्ज घेतला, तेव्हा पहिला प्रश्न: साइट कुठल्या देशातली? ते शोधणं कुणाचं काम? दुसरा प्रश्न: एवढ्याशा रकमेसाठी? १२ आणि १८.६० एकट्याचे लहानच आहेत. हजार जणांकडून हेच घेतले की ३०,६०० होतात, आणि प्रत्येक जण लहान रकमेमुळे दारातूनच परत पाठवला जातो. फसवणाऱ्याने रक्कम लहान ठेवली ती याच भरवशावर, आणि त्याचा भरवसा यंत्रणेने खरा ठरवला. वॉलेट कंपनीकडून तीन उत्तरं आली. तिन्ही शब्दशः सारखी, तिसऱ्यात तक्रार क्रमांकही चुकलेला. कुणी सांगितलं नाही की कार्डवरच्या वादाला मुदत असते आणि ती पोलिसांच्या पोचेसाठी थांबत नाही. पैसे भरल्याचं लक्षात आलं त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा, अर्ज घेत नसतील तर ईमेल करा, वेळ आणि क्रमांक शीटच्या शेवटच्या रकान्यात लिहा.

स्क्रीनशॉटही त्या दिवशीच घ्या: शिल्लक, अटींचं पान, शुल्काची मागणी. खातं बंद झाल्यावर यातलं काहीही उघडत नाही. फाइलच्या नावात तारीख घाला आणि ते नाव त्या ओळीत नोंदवा.

खातं बंद झाल्यानंतर सहाव्या दिवशी निरोप आला: बुडालेले पैसे परत मिळवून देतो, नोंदणी ९ डॉलर. त्यात ३०.६० हा आकडा सेंटपर्यंत अचूक होता. तो साइटवाल्यांशिवाय आणि तक्रार घेणाऱ्यांशिवाय कुणाकडेच नव्हता. निरोपाचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडला आहे. ९ डॉलर दिलेले नाहीत. तक्रार अजून 'प्रक्रियेत' आहे.