विषाणू-प्रतिकारक टोमॅटोचे बियाणे: पाकिटावरचा शब्द आणि रानातले झाड

सलग दोन हंगाम मी एकाच संकरित टोमॅटो वाणाची लागवड केली. हे बियाणे निवडले ते पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या एका ओळीमुळे: टोमॅटो मोझॅक विषाणूसाठी ‘एचआर’, म्हणजे उच्च प्रतिकार, आणि यलो लीफ कर्ल विषाणू व मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी यांच्यासाठी ‘आयआर’, म्हणजे मध्यम प्रतिकार. दर्शनी बाजूला मात्र ‘विषाणू-प्रतिकारक’ एवढाच एक ठळक शब्द आहे. माझी तक्रार त्या शब्दाबद्दल आहे. बियाण्याबद्दल जवळजवळ नाही.

उगवण चांगली आणि एकसारखी झाली. खरी परीक्षा यलो लीफ कर्ल विषाणू पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीने घेतली. तुलनेसाठी लावलेल्या साध्या वाणाच्या ओळीत शेंडे पिवळे पडले, पाने वाटीसारखी वर वळली, झाडे खुजी राहिली आणि फुले गळून गेली. त्याच रानात, माशी तितकीच असताना, या वाणाच्या थोड्याच झाडांच्या कोवळ्या पानांच्या कडा किंचित पिवळसर दिसल्या. वाढ थांबली नाही आणि फळे शेवटपर्यंत भरत राहिली. ज्याने बोकड्याने, म्हणजे पाने वळून आखडण्याच्या या रोगाने, बसलेले पीक उपटून टाकले आहे, त्याला या फरकाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

अशा वाणांत हा गुण अनेकदा सोलॅनम चिलेन्स या टोमॅटोच्या रानटी नातलगाकडून आलेल्या टीवाय-1 जनुकामुळे असतो. या पाकिटावर जनुकाचे नाव नाही, आणि ते असायला हवे होते, कारण हे जनुक विषाणूला झाडात शिरू न देणारे नसून शिरलेल्या विषाणूची वाढ दाबून ठेवणारे आहे. झाड निरोगी दिसते, पण त्याच्या अंगात विषाणू असू शकतो, आणि त्याचा रस शोषलेली माशी तो पुढे कित्येक दिवस इतर झाडांना देत राहते. शिवाय माव्यामार्फत पसरणाऱ्या काकडी मोझॅक विषाणूची लागण सोबत झाली, तर टीवाय-1 चा प्रतिकार कोलमडू शकतो, असे संशोधनात आढळले आहे. म्हणून रोपे कीटकरोधक जाळीखालीच वाढवणे आणि मावा व पांढरी माशी या दोन्हींवर लक्ष ठेवणे या बियाण्यालाही चुकत नाही. सोबतच्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नाही.

सूत्रकृमींबाबत अनुभव संमिश्र आहे. सूत्रकृमींना रोखणारे टोमॅटोतील प्रचलित एमआय जनुक मातीचे तापमान सुमारे 28 अंश सेल्सिअसच्या वर गेले की निष्प्रभ होऊ लागते. माझ्याकडे आच्छादन नसलेल्या, उन्हात तापणाऱ्या पट्ट्यात मुळांवर गाठी आल्या. काडाचे आच्छादन केलेल्या वाफ्यांत त्या फारशा दिसल्या नाहीत. कडक उन्हाच्या आठवड्यांत फूलगळही झाली, पण त्याचा दोष मी वाणाला देत नाही. उष्णता सहन करण्याचा दावा पाकिटावर नाही, आणि विषाणूचा प्रतिकार परागकणांना उष्णतेपासून वाचवत नाही.

मोझॅकसाठीचा ‘एचआर’ वाचतानाही सावध राहावे. 2014 मध्ये इस्रायलमध्ये आढळलेला टोमॅटो ब्राऊन रुगोज फ्रूट विषाणू याच कुळातला आहे, आणि टोमॅटो मोझॅकला वर्षानुवर्षे रोखून धरणाऱ्या टीएम-2² जनुकाला तो जुमानत नाही. तो हात, अवजारे आणि बियाण्यातूनही पसरतो, त्यामुळे बियाण्याची त्यासाठी तपासणी झाली आहे का, हे विक्रेत्याला विचारूनच पाकीट घ्यावे.

बियाणे मी पुन्हा घेणार आहे. तुलनेसाठी साध्या वाणाची ओळही लावीन. मात्र या वेळी ती रानाच्या दुसऱ्या टोकाला असेल.