मॅटप्लॉटलिबची लेबलं आणि लेजंड: खरीप ते उन्हाळा वापरल्यानंतर

विहिरीची पाणीपातळी आणि पाऊस एकाच आलेखात दाखवायचा, तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचा आणि त्याच्या झेरॉक्स वाटायच्या. यवतमाळकडच्या गावांतल्या या कामासाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं आलेख काढायचं साधन, मॅटप्लॉटलिब (आवृत्ती ३.८), वापरलं. फुकट आहे, आणि एकदा बसवलं की नेट लागत नाही. रेषा काढणं सोपं, कस लागतो तो लेबलं बसवताना.

पातळी जमिनीपासून खाली मोजतात, म्हणून 'इन्व्हर्ट वायॲक्सिस' देऊन उभा अक्ष उलटा करायचा. 'ॲनोटेट'मध्ये (बिंदूपाशी लेबल लिहायची आज्ञा) 'टेक्स्टकोऑर्ड्स'ला 'ऑफसेट पॉइंट्स' दिलं, म्हणजे लेबलाचं बिंदूपासूनचं अंतर पॉइंटमध्ये मोजलं, तर अक्ष उलटला तरी उभं अंतर अधिक ८ म्हणजे कागदावर वरच. डेटाच्या एककात अंतर दिलं तर मात्र लेबल भलतीकडे जातं. मृगाची उभी रेघ ७ जूनला मारून तिचं नाव वरच्या कडेला हवं असेल, तर 'गेट एक्सॲक्सिस ट्रान्सफॉर्म' घ्या: आडवं स्थान तारखेने, उभं ० ते १ मध्ये.

पाऊस 'ट्विनएक्स'वर, म्हणजे त्याच आलेखातल्या उजवीकडच्या दुसऱ्या उभ्या अक्षावर, स्तंभांनी काढला की खरा घोळ सुरू होतो. दुसरा अक्ष पहिल्याच्या वर रंगवला जातो, त्यामुळे स्तंभ पातळीची रेषा आणि तिची लेबलं झाकतात. लेबलाचा 'झेडऑर्डर' (काय कशाच्या वर रंगवायचं तो क्रम) कितीही वाढवा, तो त्याच अक्षापुरता चालतो. उपाय असा, की पहिल्या अक्षाचाच 'झेडऑर्डर' दुसऱ्यापेक्षा १ ने जास्त करायचा आणि त्याचा 'पॅच', म्हणजे पार्श्वभूमी, अदृश्य करायचा. पॅच राहिला तर पांढऱ्या पार्श्वभूमीखाली पाऊसच गायब. लेजंडही (कोणती खूण कशाची, ते सांगणारी यादी) दोन होतात. दोन्ही अक्षांची हँडल्स (रेषा-स्तंभांच्या खुणा) आणि लेबलं मिळवून, जोडून, एकच लेजंड पहिल्या, म्हणजे आता वर रंगवल्या जाणाऱ्या, अक्षावर द्या. जागा 'बेस्ट' ठेवू नका, त्याला दुसऱ्या अक्षावरचे स्तंभ दिसत नाहीत. जागा 'लोअर लेफ्ट', 'बीबॉक्स टू अँकर' (लेजंडचा तो कोपरा कुठे टेकवायचा ते) (०, १.०२) आणि दोन रकाने दिले, की लेजंड आलेखाच्या चौकटीच्या वर बसतं. साठवताना 'बीबॉक्स इंचेस'ला 'टाइट' द्या, नाहीतर बाहेरचा भाग कापला जाऊ शकतो. एक्सेलमधल्या स्तंभाचं नाव खालच्या रेघेने, म्हणजे अंडरस्कोरने, सुरू होत असेल तर ती रेषा लेजंडमध्ये येतच नाही, नाव बदला.

मराठी अक्षरांचं दुखणं मोठं आहे. मूळच्या डेजाव्हू सान्स फाँटमध्ये देवनागरी नाही, म्हणून चौकोन उमटतात आणि 'ग्लिफ २३४६ मिसिंग' अशी सूचना येते (२३४६ म्हणजे प). फाँटच्या यादीत डेजाव्हूनंतर नोटो सान्स देवनागरी टाका, आवृत्ती ३.६ पासून एकात नसलेलं अक्षर पुढच्या फाँटमधून घेतलं जातं. चौकोन जातात, पण जुळणी होत नाही: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागून पडते, जोडाक्षरं हलंत होऊन सुटतात. म्हणून शब्दच निवडून घ्यावे लागतात. पाऊस, पातळी, मीटर, कापूस, तूर, आवक, भाव नीट येतात. विहीर, मिमी, वर्ष, हस्त बिघडतात. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरही बिघडतात, म्हणून महिने ६, ७, ८, ९ असेच लिहिलेले बरे. पूर्ण वाक्य हवंच असेल तर चित्र लेजंडशिवाय काढून लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये मजकूर टाका, तिथे जुळणी बरोबर होते. त्रास आहे, पण हा मार्ग भरवशाचा.

छपाईला रंगांवर विसंबू नका. झेरॉक्समध्ये निळा आणि हिरवा सारखेच काळपट येतात. एक रेषा सलग, दुसरी तुटक, स्तंभांना 'हॅच', म्हणजे आत तिरप्या रेघांची भरण. विहिरी तीनच असतील तर लेजंड काढूनच टाका आणि प्रत्येक रेषेच्या शेवटच्या बिंदूपाशी नाव लिहा (ऑफसेट ६, ०, उभी रचना 'सेंटर'). अक्षरांचा आकार पॉइंटमध्ये असतो, म्हणून १२ इंची चित्र ए-४ कागदावर आखडलं की १० पॉइंटचं अक्षर डोळ्यांना लागत नाही. सुरुवातीलाच ७ × ४.५ इंच आणि ११ पॉइंट धरा, डीपीआय (इंचामागे ठिपके) २००. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर दाबून बारीक झालेल्या चित्रात आधी लेबलंच पुसट होतात.