स्मार्ट फिल्म: नजर अडवते, ऊन अडवत नाही

बटण बंद केलं की काच ताकासारखी पांढरी, चालू केलं की पुन्हा आरपार. केबिन, कॉन्फरन्स रूम, दवाखान्यातली तपासणीची खोली अशा ठिकाणी काचेवर वरून चिकटवायची ही पीडीएलसी (पॉलिमरमध्ये द्रवस्फटिक विखुरलेली) फिल्म आता सहज मिळते. काच न बदलता काम होतं, पडद्यासारखी धूळ धरत नाही. आडोशासाठी हवी असेल तर आमचं मत अनुकूल आहे. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन रोखायला कुणी ती विकत असेल, तर मात्र पाकीट खिशातच ठेवावं.

याचं कारण फिल्मच्या रचनेतच आहे. प्लास्टिकच्या दोन पारदर्शक थरांना आतून इंडियम-टिन ऑक्साइडचा विद्युतवाहक लेप असतो. मध्ये पॉलिमर आणि त्यात विखुरलेले द्रवस्फटिकाचे (लिक्विड क्रिस्टलचे) मायक्रॉनभर आकाराचे थेंब. वीज नसताना प्रत्येक थेंबातले रेणू वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसतात, थेंबांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं प्रमाण, पॉलिमरशी जुळत नाही आणि प्रकाश विखुरतो. वीज दिली की रेणू काचेला काटकोनात उभे राहतात, अपवर्तनांक जुळतो, काच स्वच्छ दिसते. म्हणजे बंद फिल्म प्रकाश गिळत नाही, फक्त विखुरते, आणि त्यातलाही बराचसा पुढेच, खोलीत जातो. चालू असताना 80 टक्क्यांच्या आसपास प्रकाश आत येत असेल, तर बंद केल्यावरही 60-70 टक्के येतोच. माहितीपत्रकात ‘बंद असताना 5 टक्के’ असा आकडा दिसला तर तो सरळ रेषेत पार होणाऱ्या प्रकाशाचा असतो, एकूण प्रकाशाचा नव्हे. हे दोन आकडे वेगवेगळे मागून घ्यावेत. देता येत नसतील तर दुसरं दुकान पाहावं.

खरी पारख हेझची, म्हणजे धूसरपणाची. बंद असताना तो 90 टक्क्यांच्या वर हवा. चालू असताना 5 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, 8 पर्यंत चालवून घेता येतं, त्यापुढे काच कायम बोटं लागल्यासारखी दिसते. ए-फोर आकाराचा नमुना मागावा आणि तो समोरून न पाहता बाजूने, 45 अंशांतून पाहावा. रेणू उभे असताना अपवर्तनांक समोरच्याच दिशेने नीट जुळतो, तिरक्या नजरेला धुकं उरतं. लांबट कॉरिडॉरला लागून केबिन असेल तर येणारा-जाणारा नेमका तिरकाच पाहतो. दुसरी चाचणी: फिल्म बंद ठेवून हात मागे धरावा. फूटभर अंतरावर हात ओळखू येत नाही, पण काचेला टेकवला की बोटं मोजता येतात. रात्री आतला दिवा चालू असेल तर काचेजवळच्या माणसाची आकृती बाहेर उमटते. कपडे बदलायच्या जागी हे लक्षात ठेवावं.

वीजपुरवठ्यावर लोक पैसे वाचवतात आणि तिथेच फसतात. फिल्मला 48 ते 65 व्होल्ट एसी लागतो, जुन्या मालाला 110 पर्यंत. डीसी अजिबात चालत नाही. त्याने आतले आयन एका बाजूला साचतात आणि काही महिन्यांत फिल्म पिवळट, डागाळ होते. ॲडॉप्टर, म्हणजे फिल्मचा ट्रान्सफॉर्मर, आल्यावर मल्टीमीटर आधी एसीवर आणि मग डीसीवर लावून पाहावा. डीसीवर जवळजवळ शून्य दिसायला हवं. वीज किरकोळ लागते. 3 मीटर बाय 2.4 मीटरच्या पार्टिशनला, 5 वॅट प्रति चौरस मीटर धरून, 36 वॅट. रोज दहा तास पारदर्शक ठेवलं तर 25 दिवसांत 9 युनिट. पण दोन वाहक थर आणि मध्ये पॉलिमर म्हणजे हा मोठा कपॅसिटरच (विद्युतभार साठवणारा भाग), त्यामुळे ट्रान्सफॉर्मर दीडपट क्षमतेचा घ्यावा आणि क्षमता वॅटमध्ये न पाहता व्हीएमध्ये (व्होल्ट गुणिले अँपिअर) पाहावी.

डिमरबद्दल विक्रेते फार रंगवून सांगतात. व्होल्टेज कमी-जास्त करून पारदर्शकता बदलते हे खरं, पण सरळ प्रमाणात नाही. सुरुवातीच्या व्होल्टला काहीच हलत नाही, मग अरुंद पट्ट्यात सगळा बदल होतो, पुढे पुन्हा सपाट. शिवाय मधल्या पायरीवर काच काळसर होत नाही, पातळ ताकासारखी दिसते. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर जोडण्याचा जुगाड तर नकोच. एसी विजेची लहर तुटते, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि फिल्मही भुणभुणायला लागते.

बसवण्यात निम्मं यश आहे. गाडीच्या सनफिल्मसारखं साबणाचं पाणी फवारून ही लावू नये, पाणी कडेतून आत शिरतं. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, धूळ काढायची, संरक्षक कागद वरून एकेक वीत सोडत स्क्वीजीने मधून कडेकडे दाबत यायचं. दोन माणसं हवीतच. चौकटीपासून चारी बाजूंनी 2-3 मिलिमीटर जागा मोकळी ठेवायची. तारा जोडायला एका कडेला वरचा थर अलगद सोलून पॉलिमर अल्कोहोलने पुसायचा आणि उघड्या लेपावर कॉपर टेप लावायची. दुसऱ्या जागी खालचा थर सोलून तेच करायचं. पुसताना जोर लावला तर लेपच निघतो आणि तेवढी पट्टी कायमची मरते. कापताना बोथट पातं वापरलं तर दोन्ही लेप कडेला एकमेकांना टेकतात, ठिणगी पडते, काळे ठिपके येतात. म्हणून आकार कारखान्यातूनच कापून मागवणं बरं. कडा बंद करायला न्यूट्रल सिलिकॉनच घ्यायचं. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन आम्ल सोडतं, ते लेप खातं. रोलची रुंदी बहुधा 1.8 मीटरपर्यंतच असते, त्यामुळे मोठ्या काचेवर सांधा येणार. तो दाराच्या किंवा चौकटीच्या रेषेत बसवावा.

हवामानाचाही विचार हवा. थंडीत द्रवस्फटिक घट्ट होतो आणि काच पांढरी व्हायला वेळ लागतो. टोकियोत शिबुया भागात वास्तुविशारद शिगेरू बान यांनी 2020 मध्ये उभारलेल्या रंगीत काचेच्या सार्वजनिक शौचालयांत याच कारणामुळे हिवाळ्यात काच पांढरीच ठेवावी लागली. आपल्याकडे उलट बाजू पाहावी लागते. उन्हात तापलेली काच फिल्मच्या मर्यादेपलीकडे, सहसा 60-70 अंशांच्या पुढे गेली तर थेंबांची रचनाच मोडते आणि आडोसा पातळ होतो. कोकणातल्या दमट हवेत, न्हाणीघराच्या काचेवर कडा आधी सुटतात. तिथे वरून चिकटवण्याऐवजी दोन काचांमध्ये दाबलेला लॅमिनेटेड प्रकार घ्यावा, महाग पडला तरी.

बत्ती गेली की साधी फिल्म पांढरी होते, म्हणजे आडोसा टिकतो. वीज नसताना पारदर्शक राहणारा उलटा प्रकारही मिळतो, पण बाथरूमला तो लावला तर लोडशेडिंगमध्ये पंचाईत. प्रकाशच कमी करायचा असेल तर त्याची जात वेगळी. बोइंग 787 विमानाच्या खिडक्या इलेक्ट्रोक्रोमिक (विजेने रंग बदलणाऱ्या) असतात, कमी व्होल्टेजवर निळ्या-काळ्या होतात, आणि त्यांना मिनिटभराहून जास्त वेळ लागतो. इथल्या फिल्मसारखी झटपट उघडझाप तिथे नसते.

पुसायला कोरडं किंवा जेमतेम ओलसर मायक्रोफायबर पुरे. अमोनियावालं काच-क्लीनर कडेपासून लांब ठेवावं. बिलावर फिल्म, ॲडॉप्टर, तारा आणि मजुरी यांचे आकडे सुटे लिहून घ्यावेत, आणि हमीत कडा सुटणं व पिवळेपणा हे शब्द आहेत का ते पाहूनच आगाऊ रक्कम द्यावी.