‘सॅनिटाइझ’ केलेल्या जुन्या खेळण्यांचं सील आधी फोडायला लावा

बेळगावात जुनी खेळणी विकणारा एकजण सध्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. शहापूर, वडगाव, अनगोळकडच्या बायकांच्या ग्रुपवर त्याचे मेसेज येतात. ‘इम्पोर्टेड, यूव्ही सॅनिटाइझ, ९९.९ टक्के जंतुमुक्त.’ सोबत जांभळा दिवा लावलेल्या पेटीत बसवलेल्या टेडीचा फोटो. मी त्याच्याकडून टेडी, रबरी बदक, गाडी आणि ठोकळे असा १,८०० रुपयांचा सेट घेतला. त्यातले ३०० निव्वळ ‘सॅनिटायझेशन चार्ज’.

जुनी खेळणी घेण्यात कमीपणा कसला? आमच्याकडे सावंतवाडीहून आणलेली लाकडी भातुकली जावेच्या मुलींनी खेळून झाली, आता माझी लेक खेळतेय. राग आहे तो न केलेल्या कामाचे पैसे उकळल्याचा.

सगळी मेख पॅकिंगमध्ये आहे. प्रत्येक खेळणं जाड प्लॅस्टिकमध्ये सीलबंद, वर गोल स्टिकर, आणि अट अशी की सील फोडलं की माल परत नाही. “जंतू लागतात वो ताई, मग दुसऱ्याला कसं देऊ?” ऐकायला किती रास्त! पण बघायचं तर फोडावं लागतं, आणि फोडलं की हक्क गेला.

घरी टेडीचं पाकीट फोडलं तर अत्तराचा भपकारा. बादलीत बुडवून दाबला, तर पाणी चहाच्या चोथ्यासारखं झालं. शिवण उसवली तर आत ओलसर, पिवळा पडलेला फोम. आंघोळीचं रबरी बदक दाबलं तर खालच्या भोकातून काळे कण बाहेर. या बदकांत पाणी शिरतं, आत वाळत नाही आणि बुरशी धरते. बाहेरून कितीही पुसा. आणि ते पोरांच्या थेट तोंडात जातं. गाणं म्हणणाऱ्या गाडीचं झाकण उघडलं, तर सेल फुटून पांढरा-हिरवा खार साचलेला. झाकणाला स्क्रूही नव्हता.

फोन केला तर म्हणाला, “मशिनमधून काढलंय की, बिल्डिंगमधल्या कुणालाही विचारा.” कुठली बिल्डिंग ते मात्र सांगेना. मशीन चालू असतानाचा व्हिडिओ मागितला आणि त्याने मला ब्लॉक केलं.

मशीन खरं असतं तरी उपयोग नव्हताच. यूव्ही किरण जिथे थेट पडतात तिथलेच जंतू मरतात. टेडीच्या पोटात, बदकाच्या आत, ठोकळ्यांच्या खाचांत ते पोचत नाहीत. मळ तर त्याने निघतच नाही. स्टिकरवर आयएसआयचा शिक्काही होता, पण प्लॅस्टिकच्या पाकिटावर, खेळण्यावर नाही. १ जानेवारी २०२१ पासून नव्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे, आणि तो खेळणं कसं बनवलं याचा असतो, धुतलं की नाही याचा नव्हे.

सेटमधले प्लॅस्टिकचे ठोकळे तेवढे कामाचे निघाले. आधी साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने घासले. मग चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा साधं, बिनवासाचं ब्लीच घालून थोडा वेळ बुडवले, स्वच्छ पाण्याने खळबळून उन्हात वाळवले. मळ न काढता ब्लीच घातलं तर वाया जातं. आणि त्यात संडास धुवायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. बदक आणि टेडी कचऱ्यात गेले. गाडीही टाकली. अशा स्क्रू नसलेल्या झाकणाआड बटणासारखे सेल असते आणि पोराने एखादा गिळला असता, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना विक्रेत्याचं नाव, पत्ता, बिल हाताशी असावं. माझ्याकडे होता फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि चॅट. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे खानापूरच्या बाईलाही बेळगावातच जमेल. पण समोरच्याचा पत्ता नको का? म्हणून पैसे पाठवायच्या आधी बिल मागा, आणि माल आणून देणाऱ्या पोराला दारातच सील फोडायला सांगा. तो नाही म्हणाला तर तिथूनच परत पाठवा.

जांभळ्या पेटीतला तो टेडी परवा निपाणीच्या एका ग्रुपवर दिसला, नंबर मात्र वेगळा. फोटोत मागे हिरवी टाइल आणि अर्धं तुटलेलं स्विचबोर्ड आहे, त्यावरून ओळखा.